नोकरीच्या जागेची आधीच ओळख: बौद्धिक दिव्यांग तरुणांना कामाला तयार करताना व्हीआर कसं वापरायचं

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट घातला की आपण दुसऱ्याच जागी आहोत असं वाटतं. सगळ्यात आधी हे सांगून टाकते, हेडसेट घालून कोणी सेव पॅक करायला शिकत नाही. हाताचं काम हातानेच शिकायचं असतं, खरी सेव, खरी पाकिटं, खरा वजनकाटा, टेबलावर आणि रोज. व्हीआरचा उपयोग आहे तो कामाच्या आजूबाजूला जे सगळं असतं त्याच्यासाठी. गेटवर कोणाला काय सांगायचं, हजेरीचं मशीन कुठे आहे, टोपी कुठून घ्यायची, पाकिटं संपली तर कोणाला विचारायचं, जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचं, शेजारचं मशीन एकदम धडाधड सुरू झालं तर काय करायचं. पॅकिंग जमलं नाही म्हणून आपल्या मुलांची नोकरी सुटताना मी फार कमी बघितली आहे. सुटते ती पहिल्या एक-दोन आठवड्यात ह्या बाकीच्या गोष्टींनी, मुलगा गेटवरच घाबरतो किंवा पाकिटं संपली की तसाच गप्प बसून राहतो आणि सुपरवायझरला वाटतं ह्याला काम करायचंच नाहीये.

आपल्या इंदूरला सांवेर रोड आहे, पोलोग्राउंड आहे, पलीकडे पीथमपूर आहे, सगळा कारखान्यांचा भाग, नमकीनवाल्यांची छोटी-मोठी युनिटं आहेत, सुपरमार्केट आहेत, हॉटेलं आहेत. काम आहे. खाली मी उदाहरण नमकीन पॅकिंगचंच घेतलंय पण हॉटेलातलं हाउसकीपिंग असो की दुकानात रॅक भरायचं काम असो, पद्धत हीच राहते.

आणि हे कालपरवाचं फॅड नाहीये. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमला पेनी स्टँडेन, डेव्हिड ब्राऊन वगैरे संशोधक मंडळींनी १९९०च्या दशकातच कंप्युटरवर एक खोटं सुपरमार्केट बनवून शिकण्यात बऱ्याच अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांकडून त्यात खरेदीचा सराव करून घेतला होता आणि मग त्यांना खऱ्या दुकानात नेलं, तर सराव केलेली मुलं तिथे जास्त पटपट आणि जास्त बरोबर वस्तू काढत होती. लक्षात घ्या, तेव्हा डोक्यावर हेडसेट नव्हता, साधा स्क्रीन होता. म्हणून ज्यांच्याकडे हेडसेटचे पैसे नाहीत त्यांनी इथेच वाचणं सोडू नका, खालचं बरंचसं टॅब किंवा टीव्हीवरही होतं. आणि अमेरिकेत वॉलमार्ट ह्या मोठ्या दुकानांच्या कंपनीने २०१७ पासून आपल्या साध्या कर्मचाऱ्यांना हेडसेट घालून सेलच्या दिवशीची गर्दी कशी सांभाळायची ते शिकवायला घेतलं. मग ज्याला गर्दीचा खरोखर त्रास होतो त्याला आधी सराव करायला मिळणं तर अजूनच गरजेचं आहे.

सुरुवात हेडसेटपासून करू नका. सुरुवात मुलाला किंवा मुलीला विचारण्यापासून करा. तो पंचवीस वर्षांचा माणूस आहे, त्याला कोणतं काम आवडतं हे आईबाबांनी परस्पर ठरवायचं नसतं. बोलून सांगता येत नसेल तर दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष घेऊन जा, तिथले फोटो काढा, घरी आल्यावर फोटो समोर ठेवा आणि कोणत्या फोटोकडे हात जातो ते बघा, पण एकाच दिवशी नाही, वेगवेगळ्या दिवशी. खूपदा असं होतं की आपण बसून करायचं शांत काम निवडून ठेवलेलं असतं आणि त्याला ट्रॉली ढकलायची असते.

काम ठरलं की जागा ठरवा. कोणतंही एक नमकीन युनिट चालणार नाही, जिथे तो खरंच जाणार आहे तेच युनिट हवं. व्हीआरचे तयार प्रोग्राम मिळतात, परदेशातले चकाचक कारखाने, इंग्लिश बोलणारे लोक, त्याचा आपल्या मुलांना जवळजवळ काही उपयोग होत नाही कारण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं हीच तर त्यांची मोठी अडचण असते. इथे शिकलेलं तिथे आपोआप जात नाही. म्हणून दोन्ही जागा जितक्या सारख्या तितकं बरं, आणि सगळ्यात सारखी जागा म्हणजे तीच जागा. ३६० डिग्री कॅमेऱ्याने, म्हणजे चारही बाजूंचं एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, तिथेच जाऊन शूट करा, प्रोग्रामिंग येणारा कोणी लागत नाही.

शूटिंगच्या आधी एक पूर्ण दिवस ट्रेनरने स्वतः त्या युनिटमध्ये कामगार म्हणून घालवावा. बघायला नाही, काम करायला. मगच कळतं की चपला कुठे काढतात, हात धुवायचा नळ कुठल्या बाजूला आहे, टोपी घातल्याशिवाय आत सोडत नाहीत, सीलिंग मशीनची पट्टी गरम असते आणि तिच्याजवळ कोण उभं असतं. हे सगळं क्रमाने लिहून काढा आणि एकेका कामाचे तुकडे करा, इतके छोटे की एका तुकड्यात एकच हालचाल असेल. मग प्रत्येक तुकड्यासमोर लिहा: हे टेबलावर शिकवायचं की हेडसेटमध्ये. वजन करणं टेबलावर, पाकीट कार्टनमध्ये उभं लावणं टेबलावर. गेट, हजेरी, आवाज, गरम मशीनपासून लांब थांबणं, मदत मागणं, सुट्टी, घरी निघणं, हे हेडसेटमध्ये. धोक्याच्या गोष्टींसाठी तर व्हीआर फारच कामाचं आहे कारण तिथे चुकला तरी हात भाजत नाही.

आता शूटिंग, इथे जरा वेळ द्या.

कॅमेरा स्टँडवर ठेवा आणि त्याची उंची त्या मुलाच्या डोळ्याएवढी ठेवा. टेपने मोजा. तुम्ही त्याच्याहून उंच असाल आणि तुमच्या डोळ्याच्या उंचीवर शूट केलंत तर हेडसेटमध्ये त्याला सगळी माणसं बुटकी आणि टेबल खाली गेलेलं दिसेल आणि मग खऱ्या जागी गेल्यावर ती जागा वेगळी वाटते. कॅमेरा हातात घेऊन चालायचं अजिबात नाही. डोळ्यांना दिसतंय की आपण चाललोय आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळतंय की आपण तर बसलोय, ह्या भांडणातूनच चक्कर आणि मळमळ येते. म्हणून कॅमेरा एका जागी स्थिर, तिथलं शूट झालं की बंद करायचा, उचलून पुढच्या जागी न्यायचा, परत सुरू. गेट एक क्लिप, हजेरी दुसरी क्लिप, टेबल तिसरी. प्रत्येक क्लिप साधारण मिनिटभराची, दोनच्या वर नको. माणसं कॅमेऱ्यापासून किमान हातभर, शक्यतो त्याहून लांब उभी राहू द्या, फार जवळ आली की दोन लेन्सची चित्रं जुळतात तिथे चेहरा तुटल्यासारखा दिसतो आणि आपली काही मुलं त्याला खूप घाबरतात. महत्त्वाचं सगळं समोरच घडू द्या. पाठीमागे काही ठेवलंत तर तो शोधत बसेल आणि मुद्दा राहून जाईल.

सुपरवायझर जे रोज बोलतो तेच त्याला कॅमेऱ्याकडे बघून बोलायला सांगा, म्हणजे हेडसेटमध्ये तो थेट मुलाशी बोलल्यासारखं वाटेल. आणि इथे आपल्या इंदूरच्या मराठी घरांची एक खास गोष्ट येते, घरात मराठी, कामावर हिंदी. घरी आई म्हणते "ते तिकडे ठेव" आणि युनिटमध्ये भैया म्हणणार "ये उधर रख दे, जल्दी कर". बऱ्याच मुलांना दोन्ही कळतं पण सूचना म्हणून हिंदीची सवय नसते, आणि घाईत बोललेल्या हिंदीची तर नसतेच. म्हणून क्लिपमधला आवाज खऱ्या हिंदीतच राहू द्या, त्याचं मराठी डबिंग करू नका. समजावून सांगायचं ते तुम्ही बाहेरून मराठीत सांगा. मुलाकडून जी वाक्यं यायला हवीत, "भैया, पैकेट खतम हो गए", "भैया, मुझे समझ में नहीं आया", ती पण हिंदीतच पाठ करून घ्या. ही दोन वाक्यं वेळेवर बोलता येणं हे पॅकिंगचा स्पीड वाढण्याहून मोठं यश आहे असं मी मानते.

एक क्लिप मुद्दाम गडबडीची करा. कार्टन पडतंय, कोणी जोरात ओरडतंय, लाइट जाते. आणि शक्य असेल तर दिवाळीच्या आधीच्या दिवसांत एकदा शूट करा, तेव्हा नमकीनच्या युनिटमध्ये जी धावपळ असते ती नंतर सांगून समजत नाही.

शूट करायच्या आधी मालकाची परवानगी घ्या आणि ज्यांचे चेहरे दिसणार त्या प्रत्येकाची पण घ्या, तिथल्या बायकांना तर आवर्जून विचारा. हे व्हिडिओ फक्त ट्रेनिंगसाठी आहेत, व्हॉट्सअॅपवर जाणार नाहीत, हे सांगा आणि पाळा.

तब्येतीचं आता, आणि हे वगळून पुढे जाऊ नका. बौद्धिक दिव्यांग लोकांमध्ये फिट्सचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त असतं, साधारण पाचात एकाला असतात. फिट्सचा इतिहास असेल, भले चार वर्षांत एकही आली नसेल, तरी न्यूरॉलॉजिस्टला विचारून लेखी होकार घेतल्याशिवाय हेडसेट लावायचा नाही, आणि नाही म्हणाले तर टीव्हीवर क्लिप दाखवायच्या, काही बिघडत नाही. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचं विचारा, त्यांच्यात मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो आणि हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो, शिवाय आपण त्याला सारखं इकडेतिकडे बघायला सांगणार. तेही डॉक्टरांनी बघितल्यावरच. त्यांच्या नाकाचा उंचवटा कमी असतो म्हणून हेडसेट खाली घसरतो, चित्र धूसर दिसतं आणि मूल सांगत नाही की धूसर दिसतंय, ते फक्त हेडसेट काढून टाकतं आणि आपण म्हणतो ह्याला आवडलं नाही. वरचा पट्टा नीट आवळा आणि डोळ्यांमधलं अंतर हेडसेटमध्ये त्याच्याप्रमाणे सेट करा. चष्मा असेल तर चष्म्यासकट बसतो का ते पण बघा.

हेडसेट कोणता घ्यायचा ह्यावर फार डोकं घालू नका. वायर नसलेला, स्वतःच्या आत व्हिडिओ चालवणारा, मेटा कंपनीच्या क्वेस्टसारखा कोणताही चालेल, जुनं मॉडेल असलं तरी चालेल, एका चांगल्या फोनच्या किमतीत येतो आणि तीन-चार संस्था किंवा पालक मिळून घेतला तर अजून परवडतो. फोन टाकायचे पुठ्ठ्याचे डबे स्वस्त असतात पण ते हाताने धरून बसावं लागतं आणि फोन तापतो. एक काळजी, हेडसेटच्या काचांवर ऊन पडू देऊ नका. खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर उलटा ठेवलात तर भिंगातून ऊन आत जाऊन स्क्रीन जळते, कायमची.

पहिल्या दिवशी हेडसेट फक्त टेबलावर ठेवा. तुम्ही घाला, आणि तुम्हाला काय दिसतंय ते टीव्हीवर किंवा मोबाइलवर कास्ट करून त्याला दाखवा, दोन्ही एकाच वायफायवर लागतात. मग त्याला हातात घेऊ द्या, डोळ्यापाशी धरू द्या, पट्टा नका लावू. काहींना आठवडा लागतो आणि लागू द्या. काही जणांना ते कधीच आवडत नाही, तर नाही. जबरदस्तीने घातलेल्या हेडसेटमधून भीतीशिवाय काही शिकून होत नाही.

हेडसेट घालायच्या आधी "थांब"चा सराव करून घ्या. हात वर केला की थांब, किंवा मांडीवर दोनदा थाप मारली की थांब, जे त्याला जमेल ते. खेळासारखं दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी खरंच थांबा, मग त्याचा विश्वास बसतो.

सेशन बसूनच. खुर्ची स्थिर, चाकं नसलेली, हात टेकायला जागा असलेली. उभं राहून नको कारण ३६० व्हिडिओत डोकं फिरवता येतं पण पुढे चालता येत नाही, तो पाऊल टाकायला जाईल आणि सगळं चित्र त्याच्याबरोबर सरकेल. बाउंड्री (बसायच्या जागेची सुरक्षित हद्द) वगैरे जे काही मेसेज येतात ते तुम्ही आधीच हेडसेट घालून संपवा, व्हिडिओ तयार ठेवा आणि मगच त्याला द्या. कंट्रोलर त्याच्या हातात देऊ नका, चुकून बटण दाबलं गेलं की तो भलत्याच ठिकाणी पोचतो. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं बस, नंतर हळूहळू आठ-दहापर्यंत, त्याच्या वर मी जात नाही. आवाज आधी बंद, मग कमी, मग खऱ्या युनिटइतका, हे पण काही दिवसांत चढवत न्यायचं.

तुम्ही कायम त्याच्या एकाच बाजूला बसा आणि हेडसेट घातलेला असताना न सांगता अंगाला हात लावू नका. त्याला तुम्ही दिसत नाही, तो दचकतो. "मी खांद्याला हात लावतेय" असं म्हणा आणि मग लावा.

क्लिप चालू असताना योग्य जागी पॉज करा. सुपरवायझर म्हणाला "टोपी पहनो", पॉज. आता पाच सेकंद गप्प बसा. खरंच पाच मोजा, आपल्याला ते जमत नाही, आपण दुसऱ्याच सेकंदाला उत्तर सांगून टाकतो. त्याला विचार करायला वेळ लागतो आणि तो वेळ दिला की उत्तर येतं. नाही आलं तर "आता काय करायचं?" एवढंच. तरी नाही तर "टोपी कुठे दिसतेय?" आणि तरी नाही तर सरळ सांगा, "टोपी खुंटीवर आहे, ती घालायची". सगळ्यात कमी मदतीपासून वर जायचं आणि पुढच्या वेळी एक पायरी कमी करायची. चुकलं तर नाही-नाही करत बसू नका, क्लिप मागे नेऊन परत लावा, यंत्र कंटाळत नाही.

क्लिप संपली की हेडसेट काढा आणि लगेच टेबलावर तीच गोष्ट हाताने. तीच टोपी, तशीच बादली, त्याच युनिटमधून मागून आणलेली रिकामी पाकिटं. तीन-चार मिनिटं हेडसेट, पंधरा मिनिटं टेबल, असं प्रमाण ठेवा.

चेहरा फिका पडला, घाम आला, सारख्या जांभया, सारखं गिळतोय, पोटावर हात जातोय, किंवा बोलणारा मुलगा अचानक गप्प झाला तर बंद करा. चक्कर येते हे शब्दांत सांगणं ह्यांना अवघड जातं म्हणून आपणच बघायचं. भरपेट पोहे-जिलबी खाऊन आल्यावर लगेच सेशन नको आणि सेशन झाल्या झाल्या स्कूटरवर मागे बसवून पण नेऊ नका, दहा मिनिटं बसू द्या, पाणी द्या.

आणि मग खरी जागा. त्याच आठवड्यात. महिनाभर हेडसेटमध्ये सराव आणि मग एकदम युनिट असं केलं तर तो हेडसेटमध्ये हुशार होतो, बस. सोमवारी गेटची क्लिप बघितली तर बुधवार-गुरुवारी खरं गेट, तेवढंच, आत पण नाही गेलं तरी चालेल. चौकीदाराला नमस्ते करून परत. पुढच्या आठवड्यात हजेरी आणि टोपी. त्याने जे आधी बघितलंय तेच समोर येतं तेव्हा चेहऱ्यावर ओळख दिसते, खांदे खाली येतात, आणि ज्यांनी ह्या मुलांना नवीन जागी भिंतीला चिकटून उभं राहिलेलं बघितलंय त्यांना कळेल की ही किती मोठी गोष्ट आहे.

नोंद ठेवायची ती खऱ्या जागेवरची. एक कागद, प्रत्येक तुकड्यासमोर तीन खुणा: स्वतः केलं, इशाऱ्याने केलं, नाही झालं. हेडसेटमध्ये शंभर टक्के आणि युनिटमध्ये शून्य म्हणजे शून्यच धरायचं, आणि ती क्लिप आणि ती जागा ह्यात काय वेगळंय ते शोधायचं. बहुतेक वेळा वास, उकाडा, किंवा क्लिपमधला भैया सुट्टीवर असतो. ह्यासाठीच प्रत्येक क्लिप दोन-तीन वेगळ्या माणसांबरोबर शूट करून ठेवा. जमायला लागलं की आधार काढत न्या, आधी बोलणारी मदत बंद, मग हेडसेट बंद करून फक्त फोटोंची छोटी पट्टी आयकार्डच्या दोरीला, मग ती पण नको. ट्रेनर सुरुवातीला दिवसभर युनिटमध्ये, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून एकदा.

मालकाशी पैशाचं बोलणं आधीच करा. शिकायचे दिवस वेगळे आणि कामाचे दिवस वेगळे, आणि ज्या दिवसापासून त्याने भरलेली पाकिटं दुकानात जातात त्या दिवसापासून पगार, बाकीच्यांना जो आहे तो. "इसका टाइम पास हो जाएगा" असं म्हणणाऱ्या मालकाकडे मुलाला पाठवू नका, मी तरी पाठवत नाही. कागदांपैकी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तयार ठेवा, आणि नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव घाला, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. ज्यांना सरकारी नोकरीचं बघायचंय त्यांच्यासाठी, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात चार टक्के आरक्षण आहे आणि त्यातला एक टक्का ज्या गटाला आहे त्यात बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम हे येतात.

नोकरी लागल्यावर क्लिप डिलीट करू नका. युनिटमध्ये टेबलं हलतात, नवीन मशीन येतं, सुपरवायझर बदलतो, आणि आपल्याला किरकोळ वाटणारा हा बदल त्याला पूर्ण जागा बदलल्यासारखा वाटू शकतो. मालकाला सांगून ठेवा की काही हलवायचं असेल तर दोन दिवस आधी एक फोन करा. फोन आला की जाऊन नवीन क्लिप शूट करा, संध्याकाळी घरीच त्याला पाच मिनिटं दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनरने तासभर त्याच्याबरोबर तिथे थांबावं.